बोटावरचा आकडा बघू नका नुसता

कोविडनंतर आमच्या रत्नागिरीत घराघरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, आता कोणाला जरा धाप लागली की पहिलं ते शोधतात आणि ९६ दिसलं की सगळे निवांत. पण ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा छान दिसत राहतो आणि पेशंट आतून थकत चाललेला असू शकतो, कारण कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडतोय की नाही ते त्या मशीनला कळतच नाही.

म्हणून श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट, आणि पेशंटला न सांगता, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो (आमचे काका तर मुद्दाम). ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज नावाचा स्कोअर आणला, पेशंट बिघडतोय का ते ओळखायला, जास्त गुण म्हणजे जास्त धोका, त्यात मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य, २५ किंवा वर गेले की एकदम ३ गुण. आणि आपल्याकडे? वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यांचेच २०, डोळ्यांनी बघितलंय.

मशीनशिवायची दुसरी गोष्ट म्हणजे पालथं झोपवणं. २०१३ ची प्रोसेव्हा ट्रायल, बहुतेक आयसीयू फ्रान्समधले, एआरडीएसचे (फुफ्फुसं सुजून पाण्याने भरतात आणि ऑक्सिजन रक्तात जात नाही, तो आजार) गंभीर पेशंट व्हेंटिलेटरवर असताना एका वेळी निदान १६ तास पालथे ठेवले, तर २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, उताणे ठेवलेल्यांत ३२.८. नवीन मशीन काही नाही हो! फक्त नळ्या सांभाळून माणूस उलटा करायला चार-पाच जण लागतात, आणि रात्रपाळीला दोनच सिस्टर असतात तिथे ते कसं करायचं सांगा.