ओढ परत आली! चोर वर बसला होता

अखेर लाकडाच्या स्टोव्हचा धूर खोलीत यायचा थांबला. मागच्या नोंदीत धुराड्याचा पाईप आतून स्वच्छ करूनही दार उघडलं की लोट बाहेर येत होता, आणि ओढ (धुराला वर खेचणारा दाबातला फरक) मोजणारा मॅनोमीटर ६ पास्कलच्या वर सरकायला तयार नव्हता. या स्टोव्हला १२ तरी लागतात.

पहिला संशय घरावर: एक्झॉस्ट पंखा आतली हवा बाहेर खेचून ओढ मारत असेल. तो बंद केला, खिडकी उघडली. आकडा जेमतेम हलला. मग पेटती उदबत्ती सांध्यांभोवती फिरवली. एल्बोपाशी (पाईपाच्या वळणाच्या तुकड्यापाशी) तिचा धूर सुर्रकन आत! तिथून गार हवा घुसली की पाईपातला धूर थंडावतो आणि ओढ मरते. फर्नेस सिमेंट भरलं, स्क्रू आवळले. आकडा ८. बरं वाटलं, पण भागलं नाही.

शेवटी छतावर चढून धुराड्याची टोपी उतरवली. ठिणग्या अडवणारी जाळी काळ्या पापुद्र्यांनी जवळजवळ बुजली होती. एक पापुद्रा नखानं उचलला तर वरून कुरकुरीत, खालून अजून चिकट. खालून टॉर्च मारून हे दिसणं शक्यच नव्हतं. वर पोहोचेपर्यंत धूर सगळ्यात गार होतो, आणि साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की क्रिओसोट (धुरातलं डांबरासारखं चिकट द्रव्य) धरायला लागतं. बारीक जाळी म्हणजे त्याला आयतीच जागा. जाळी खरवडली, टोपी बसवली, पेटवलं: १३! दार उघडं ठेवलं तरी ज्वाळा मागे झुकून धुराड्याकडेच जात होत्या. काही वेळ नुसता बघत बसलो.

ब्रशबद्दल: विक्रेत्यानं तारेचा गळ्यात मारला होता. स्टीलच्या लायनरला (धुराड्याच्या आतल्या नळीला) तो ओरखडतो. पॉली (प्लॅस्टिकच्या केसांचा) ब्रशच घ्या. ड्रिलवर फिरणारे लवचीक दांडे तर वळणातूनही सहज जातात, पैसे वसूल.

पुढचा बेत ९० अंशांचा एल्बो काढून ४५ चे दोन लावायचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, जाळी इतक्या लवकर भरली म्हणजे मूळ दुखणं गार धुराचं आहे. ओल्या लाकडानं धूर गार पडतो, म्हणून आत्ताच एक ओंडका फोडून ताज्या फोडीवर ओलावा मोजला: २४ टक्के. २० च्या आत हवा. तेव्हा एल्बो राहू दे, आधी लाकडाची थप्पी मोडून वारा लागेल अशी रचतो, आणि पाईपावर चुंबकी थर्मामीटर चिकटवतो. बाहेरच्या भागाला इन्सुलेटेड पाईप लावायचा का, ते त्याचे आकडे बघून.

जाळीची भोकं कुणी मोठी ठेवली आहेत का? किती मिलिमीटर?