हाड बसलं

सोमवार, रात्री

सहा आठवड्यांनी आज आईच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणाले, "छान सेट झालंय." रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "सेट म्हणजे? केस सेट करतात तसं?"

"हाड बसलं म्हणाले."

"मग तसं सांगायचं की!"

घरात हा शब्द कुठे नाही? सोफासेट आहे, पाहुण्यांपुरता कपाटाबाहेर येणारा चहाचा सेट आहे. मामेभावाची सेट-नेट चालू आहे, आणि तो एकदाचा 'सेट' झाला की मामी सुटली. 'सेटिंग'चं तर विचारायलाच नको.

रात्री दही विरजून झालं आणि कोशात शिरले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सेट या एका क्रियापदाचे ४३० अर्थ! आता 'रन'ने ६४५ अर्थांनी त्याला मागे टाकलंय. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. सेट हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. शाळेत बाईंनी बसणे-बसवणे, पडणे-पाडणे घोकून घेतलं होतं, अगदी तेच. इंग्रजीतही पडणे म्हणजे फॉल आणि झाड पाडणे म्हणजे फेल. (नापासातला फेल निराळा.) शिवाय सदन, परिषद, सभासद ज्या 'सद्' धातूतून आले, तो या सिटचा चुलतभाऊ. इतकी वर्षं मी त्याला परका समजत होते.

मग खेळच सुरू झाला. कोंदणात हिरा बसवणे, सेट. हाड बसवणे, सेट. गजर मात्र आपण लावतो, पानं मांडतो, आणि दही तर आपोआप लागतं. चहाच्या सेटने घोटाळा केला. संच या अर्थाचा सेट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, हाडाच्या सेटशी त्याचं मूळचं नातं नाही. पुढे एकाच घरात राहून दोघे एकमेकांत मिसळले, इतकंच.

आईला हे सगळं ऐकवलं. ती तेल लावून मनगट हळूहळू फिरवत होती.

"मग सनसेट? सूर्य बसतो?"

"तसंच काहीसं."

"बसेल नाहीतर काय. दिवसभर चालून दमत असेल."

आणि उठून दह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून आली, डाव्या हाताने. उजव्यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.