‘हे तर आपलंच!’: केर्नावेच्या टेकडीवरची रात्र

व्हिल्निअस शहर देखणं आहे, ट्राकाईचा तळ्यातला किल्ला फोटोत दिसतो तसाच आहे, आणि बिटाचं ते थंडगार गुलाबी सूप मला काही झेपलं नाही. लिथुआनियाच्या बाकी प्रवासाबद्दल एवढं पुरे. लिहायचंय ते २३ जूनच्या रात्रीबद्दल आणि माझ्या मावसभावाबद्दल. त्या रात्रीपासून आमचं बोलणं जरा तुटकच आहे.

तो तिकडे नोकरीला असतो. “ताई, रासोस बघितल्याशिवाय परत जायचं नाही,” असं त्यानं तिकीट काढायच्या आधीच बजावलं होतं. रासोस हा वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रीचा सण. कॅथलिक मंडळी त्यालाच योनिनेस म्हणतात, म्हणजे संत जॉनचा दिवस, आणि २४ जूनला देशभर सुट्टी असते. साजरा करायला सगळ्यात नावाजलेलं ठिकाण केर्नावे. व्हिल्निअसपासून साधारण ३५ किलोमीटर, नेरिस नदीच्या काठाला, ओळीनं पाच गढीच्या टेकड्या. सातशे वर्षांपूर्वी इथे राजधानी नांदत होती. १३९० मध्ये ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, स्वारीत खालचं गाव जळालं ते पुन्हा तिथे वसलंच नाही. युनेस्कोच्या यादीत २००४ पासून आहे. युरोपात सगळ्यात शेवटी ख्रिस्ती झालेला देश हाच, १३८७ मध्ये. त्यामुळे जुन्या देवांची आठवण इथे इतरांपेक्षा जरा अलीकडची.

आता खरं सांगते, पहिले दोन तास मला पस्तावल्यासारखं झालं. गाड्या लावायला मैलभर आधी शेत, तिथून पायपीट. जून असून स्वेटर, वर शाल. नदीकाठचे डास बारीक पण चिवट. टॉयलेटची रांग बिअरच्या रांगेइतकीच लांब, आणि दोन्हीतली माणसं तीच. डोक्यावर फुलांची कडी घालून पोरी सेल्फी काढताहेत, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे मुकुट, मागे कुणाचा तरी स्पीकर. जत्रा म्हणून मस्त, पण जत्रेसाठी एवढ्या लांब कशाला यायचं? पाहुणचाराचंही तसंच. लिथुआनियन माणूस आपणहून ‘या, बसा’ म्हणत नाही. तुम्ही उभे आहात तर उभे राहा, त्याचं काही म्हणणं नाही.

दहा वाजत आले, सूर्य टेकडीआड जायला लागला आणि वरच्या अंगाला गाणं सुरू झालं. स्पीकर कुणी बंद केला ते कळलं नाही. लिननच्या जाड्याभरड्या कपड्यांतल्या बायका, गळ्यात अंबरच्या माळा, संथपणे, जवळजवळ एकाच सुरात गात होत्या. दगडांच्या वेदीवर अग्नी पेटवला होता. त्यात कुणी पाव टाकत होतं, कुणी मीठ, कुणी पेल्यातलं पेय ओतत होतं. बिअरची रांग तिकडे तशीच होती, पण या टेकडीवर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ही रोमुवाची माणसं, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचा जुना धर्म पुन्हा जागवणारी.

रोमुवाचं नाव मी आधी बातम्यांत वाचलं होतं. सोव्हिएत काळात, १९६७ मध्ये, योनास त्रिंकूनास आणि त्यांच्यासारख्या काही तरुणांनी याच केर्नावेत रासोस जाहीरपणे साजरा केला. वरवर लोकसंस्कृतीचा अभ्यास, गावोगाव फिरून म्हाताऱ्यांची गाणी टिपायची. पण सरकारला काय ते कळलंच. १९७३ मध्ये त्रिंकूनासांची विद्यापीठातली नोकरी गेली. देश स्वतंत्र झाल्यावर, १९९२ मध्ये, रोमुवाची धार्मिक संघटना म्हणून नोंदणी झाली. त्रिंकूनास २०१४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी इनिया प्रमुख झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या बाई.

नोंदणी वेगळी आणि राज्याची मान्यता वेगळी. तिथल्या कायद्यात नऊ समुदाय ‘पारंपरिक’ आहेत. त्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, ज्यू, सुन्नी मुसलमान, अगदी मूठभर कराईम (ज्यू परंपरेतून वेगळा झालेला छोटा पंथ) सुद्धा आहेत. या भूमीतला सगळ्यात जुना धर्म आम्ही पुढे नेतो म्हणणारे मात्र त्यात नाहीत. बाकीच्यांनी नोंदणीनंतर पंचवीस वर्षं थांबायचं, मग अर्ज करायचा आणि संसदेनं मतदान करायचं. रोमुवानं २०१७ मध्ये अर्ज केला. २०१९ मध्ये संसदेनं नाकारला. कॅथलिक बिशपांनी विरोधाचं पत्र दिलं होतं, आणि हा मुळात धर्मच नाही असं म्हणणारेही खासदार होते. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं, आणि २०२१ मध्ये निकाल रोमुवाच्या बाजूनं लागला. तरी २०२३ मध्ये संसदेनं पुन्हा नाही म्हटलं! शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे आम्ही पाहिला तो मान्यतेनंतरचा पहिला रासोस. मला वाटलं होतं भाषणं होतील, फलक लागतील. असलं काही मला तरी दिसलं नाही.

गाणं थांबलं तशी माझ्याशेजारची पन्नाशीतली बाई आमच्याकडे वळली. काही न बोलता तिनं काळ्या पावाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि वेदीकडे बोट केलं. मी तो अग्नीत टाकला. भावाला राहवेना. त्यानं सुरू केलं. तुमचा अग्नी म्हणजे आमचा होम, तुमचा गडगडाटाचा देव पेर्कूनस म्हणजे आमचा इंद्र, तुमची भाषा म्हणजे निम्मी संस्कृत, एकूण काय, हे सगळं आमचंच. मॅडम, तुम्ही मुळात हिंदूच आहात, मध्ये थोडं विसरलात एवढंच.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भारतातून आलेले पाहुणे हेच सांगतात. आम्हाला ऐकायला आवडतं. पण आमच्या गाण्यात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.”

मी विचारलं. खरं तर भाऊ गप्प बसावा म्हणून विचारलं. तर तिथून जे सुरू झालं ते रात्र सरेपर्यंत. सूर्य ही बाई, चंद्र तिचा नवरा. लग्नानंतर तो पहाटेच्या चांदणीच्या नादी लागला, म्हणून पेर्कूनसनं तलवारीनं त्याचे दोन तुकडे केले. ही गोष्ट सांगताना तिनं हातानं कापून दाखवलं. मी भावाकडे बघितलं. आपल्यात सूर्य बाई आहे का रे? सत्तावीस बायकांत एकटीवर जीव जडला म्हणून चंद्र झिजतो ते आपल्यात, आणि शाप देतो तो सासरा.

भारताचा प्रभाव तिनं नाकारला नाही. सुरुवातीच्या मंडळींत भारतप्रेमींचं मंडळ चालवणारे होतेच. त्याआधीचा विदूनास हा लेखक तर वेदान्त आणि थिऑसॉफी कोळून प्यायलेला. युरो येण्यापूर्वी दोनशे लिटासच्या नोटेवर त्याचाच चेहरा असे. “पण गाणी मला माझ्या आजीकडून मिळाली,” ती म्हणाली, “आणि आजी दर रविवारी चर्चला जायची.” तिचं लग्न रोमुवाच्या विधीनं झालं, आणि मग त्याच नवऱ्याशी नोंदणी कचेरीत पुन्हा. आताच्या जोडप्यांना तो दुसरा फेरा नाही, कारण राज्यमान्य धर्माचं लग्न कायद्यानंही लग्नच धरतात. मान्यतेचा एवढाच उपयोग तिनं आपणहून सांगितला.

यातलं जुनं किती आणि जुळवलेलं किती, हा प्रश्न मलाही पडलाच. पण १८९० च्या दशकात रस्त्यावर आलेला आपला गणपती आज कुणाला नवा वाटतो?

मला आठवला तो गोंदियाचा कचारगड. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहांपाशी चार-पाच राज्यांतले गोंड जमतात, आपल्या देवाचं, पेरसापेनचं नाव घेतात. मी गेले होते तेव्हा आमच्याच गाडीतले एक काका तिथल्या एका तरुणाला समजावत होते, ‘अरे, तुम्ही म्हणजे आम्हीच.’ तो हसून पुढे गेला. २०११ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ४९ लाखांहून अधिक लोकांनी ‘सरना’ (झारखंडकडच्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) लिहिलं, तरी त्यांना स्वतंत्र रकाना नाही, ते ‘इतर’मध्ये. लिथुआनियाचे खासदार म्हणत होते तुम्ही धर्म नाही, आणि आपण म्हणतो तुम्ही वेगळे नाही. माझ्या मते आपलं म्हणणं जास्त गोड आहे आणि म्हणूनच जास्त चिवट. त्याविरुद्ध स्ट्रासबर्गला जाता येत नाही.

पावणेपाचच्या आत उजाडलं. दवात तोंड धुवायची पद्धत आहे, मी धुतलं. गोठले.

परतीच्या वाटेवर आम्ही भांडलो ते व्हिल्निअसच्या सिग्नलपर्यंत. “तू उगाच फाटे फोडतेस. मी प्रेमानंच म्हणत होतो ना,” हे त्याचं म्हणणं, आणि प्रेमाबद्दल मला शंका नाहीच. संध्याकाळी त्यानं वेदीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘हे तर आपलंच!’ मी दोनदा काढायला सांगितलं. अजून आहे तिथेच. चारशेच्या वर लाइक्स झालेत, त्यातला एक माझ्या आईचा.