परक्यांना मोफत

झोप येत नाहीये. हरले म्हणून नाही, ते पैसे जाणारच होते. डोक्यात बसलाय तो सिंगापूरच्या कॅसिनोच्या दारावरचा माणूस. पासपोर्ट बघितला, गोड हसला, आत सोडलं. इथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना मात्र चोवीस तासांचे १५० डॉलर भरावे लागतात. मिलिंद म्हणाला, "आपली मजा आहे."

कसली मजा? सरकारने ती लेव्ही लावली ती आपली माणसं जुगारात बुडू नयेत म्हणून. मी बुडाले तर चालेल.

मग एकेक आठवत बसले. मोंते कार्लोत मोनॅकोच्या नागरिकांना खेळायलाच बंदी. आम्ही मात्र माना वर करून सोनेरी छतं बघत फिरलो. तिथे सगळे इतके हळू बोलत होते की हरायलासुद्धा बरे कपडे हवेत असं वाटावं. पणजीत फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना मनाई, निदान कागदावर. आपण छोट्या बोटीतून मांडवीतल्या जहाजावर जायचं. प्रवेश फीतच जेवण, त्यामुळे निम्मी गर्दी टेबलांपेक्षा बुफेपाशी. (वहिनीचं तिथलं प्रकरण इथे नको.)

म्हणजे जिथे जावं तिथे आपल्यालाच 'या, या'. कुणालाच आपली काळजी नाही म्हणून. आईसुद्धा हल्ली फोन ठेवताना 'जपून राहा' म्हणत नाही. जाऊ दे.

वेगासला असं काही टोचलं नव्हतं. तिथे दारावर कोण कुठला हे विचारत नाहीत, आणि तिथल्या लोकांनाही सोडत नाहीत: विमानतळावर स्लॉट मशीन, सुपरमार्केटातही. रूलेटच्या चाकावर बऱ्याच ठिकाणी दोन शून्यं. युरोपातल्या एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा फायदा २.७ टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६. खेळताना ड्रिंक फुकट आणून देतात ते काय उगाच? तरी मी खूश होते. सगळ्यांना सारखंच लुबाडलं की मला राग येत नाही, असं दिसतंय.

आणि उद्या आपल्या गावात असा कॅसिनो निघाला, बाहेरच्यांना मोफत आणि आम्हाला तिकीट, तर पहिलं भांडण मीच काढणार. 'आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत का?' वगैरे. काळजी केलेलीही मला चालणार नाहीच.

तसं इथे १५० मागितले असते तर मी दारातूनच परत फिरले असते. आणि वाचलेल्या पैशांत मिलिंदने आणखी एक बॅग घेतली असती.