प्रायमार्कच्या दारात, सहा वाजता

लंडनमधला शेवटचा दिवस रविवारी आला की माझ्या पोटात गोळा येतो. मी टूर लीडर, छत्तीस माणसांचा ग्रुप, रात्रीचं विमान, आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी सगळ्यांचीच राहिलेली. त्यात इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास विक्री करता येते, १९९४चा कायदा आहे तसा. इथली बरीचशी दुकानं बारा ते सहा. काही जण साडेअकरालाच दार उघडतात, हिंडून बघा म्हणतात, पण बाराच्या आत काउंटरवर पैसे घेत नाहीत. आमच्या एक काकू चार स्वेटर छातीशी धरून अर्धा तास तिथं उभ्या होत्या. "दुकान उघडं, माणूस समोर, पैसे हातात, आणि घेत नाही म्हणजे काय?" मी काय सांगणार! पर्यटकांना खरेदीवरचा कर, म्हणजे व्हॅट, परत मिळणं २०२१पासून बंद झालंय, हे त्यांच्या गळी उतरवतानाच माझी अर्धी शक्ती गेली होती.

हॉटेल मार्बल आर्चच्या मागच्या गल्लीत होतं. सामान तिथंच ठेवून मी सकाळी बजावलं होतं, "सहा वाजता प्रायमार्कच्या दारात. साडेसहाला बस निघणार." प्रायमार्क म्हणजे स्वस्त कपड्यांचं मोठं दुकान. आमच्या ड्रायव्हरच्या कामाचे तास मोजलेले असतात, तो थांबत नाही.

सहाला चौतीस डोकी. काका-काकू नाहीत. काका निवृत्त मुख्याध्यापक, दहा दिवसांत एकदाही मिनिटभर उशीर नाही. फोन बंद, कारण रोमिंगचं बिल येईल. सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानापर्यंत पळत जाऊन आलो. नाहीत. सहा वाजून दहा मिनिटांनी मागून एक मुलगी म्हणाली, "दादा, त्या टोकालाही हेच दुकान आहे ना? बसमधून दिसलं होतं."

कपाळावर हात मारला. प्रायमार्क या रस्त्यावर दोन आहेत. एक पश्चिमेला मार्बल आर्चपाशी, दुसरं थेट पूर्वेच्या टोकाला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ. मध्ये जवळजवळ दोन किलोमीटर आणि रविवारची गर्दी. मला हे माहीत होतं! लंडनला काही पहिल्यांदा आलो नव्हतो.

बाकीच्यांना हॉटेलवर सामान भरायला पाठवून मी मार्बल आर्चला मेट्रोत शिरलो. एकाच रस्त्याखाली सेंट्रल लाइनची चार स्टेशनं, इतका हा रस्ता लांब. बाँड स्ट्रीट, ऑक्सफर्ड सर्कस, मग टॉटनहॅम कोर्ट रोड. काकांनीच सकाळी नाश्त्याला सांगितलं होतं की न्यूगेटच्या तुरुंगातून कैद्यांना फाशी द्यायला टायबर्नला न्यायचे ते याच रस्त्याने, पूर्वेकडून पश्चिमेकडे, १७८३पर्यंत. टायबर्न म्हणजे आपल्या हॉटेलजवळचा तो चौक. मी त्याच वाटेवर उलटा निघालो होतो. माझी फाशी पूर्वेला होती, एवढाच फरक.

वर आलो. दुकानाचं दार बंद. दाराशी काकू पिशव्यांच्या ढिगाजवळ भिंतीला टेकून, आणि शेजारी काका ताठ उभे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"काका, अहो, इकडे कुठे?"

"प्रायमार्कच्या दारात. सहा वाजता. तुम्हीच म्हणालात," काका म्हणाले. "आम्ही पावणेसहापासून उभे आहोत. बाकीचे कुठायत?"

परतीच्या मेट्रोत काकू मला पाणी देत होत्या आणि काका एक शब्द बोलत नव्हते. ड्रायव्हर त्या दिवशी चक्क दहा मिनिटं थांबला. का, ते मी विचारलं नाही.

आता मी लोकांना दुकानाचं नावच सांगत नाही. मार्बल आर्चची पांढरी कमान सांगतो. १८५१मध्ये बकिंगहॅम राजवाड्यापासून उचलून इथं आणून ठेवलेली, तशी दुसरी कुठल्या टोकाला सापडायची नाही.

हीथ्रोला रांगेत अभिप्रायाचे फॉर्म गोळा केले. काकांनी जेवण, हॉटेल, बस सगळ्यांपुढे "उत्तम" लिहिलं होतं. टूर लीडरच्या वक्तशीरपणापुढे त्यांच्या सुवाच्य अक्षरात होतं, "२५ मिनिटे उशीर."