लाँचचा शाफ्ट काढला, बेअरिंग बदललं

आमची लाँच बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर, चांदोदला नर्मदेत असते. त्रिवेणी संगमावर अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला बडोद्याची कितीतरी मराठी घरं येतात, त्यांना आम्ही नेतो. एका ठराविक वेगावर मागचा भाग गदगदा हलायला लागला, तेव्हा मी फेऱ्या थांबवल्या. मांडीवर कलश घेऊन बसलेल्या माणसाला असं हलवत नेणं मला बरोबर वाटत नाही.

घाटावर ज्याला विचारावं तो एकच उत्तर देई, ‘रेती! नर्मदेच्या रेतीनं बेअरिंग खाल्लं.’ ते पटण्यासारखंही होतं. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा. त्याला पंख्याजवळ आधार देणारं हे बेअरिंग म्हणजे पितळी नळी, आत रबर, आणि रबरात लांबीच्या दिशेनं खाचा. खाचांतून वाहणारं पाणी हेच वंगण, आणि बारीक रेतीही तेच बाहेर नेतं. आमचा शाफ्ट २५ मिमीचा, बेअरिंग त्याच्या चौपट लांब, १०० मिमी. पंखा धरून वर-खाली हलवला तर २ मिमी खेळ. एवढ्या शाफ्टला दीड मिमी झाला की बदलायची वेळ आलीच.

घाटाला सगळ्या पायऱ्या, म्हणून लाँच जरा खालच्या अंगाला रेताड उतारावर ट्रॅक्टरनं ओढली आणि दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. पंख्याची कॉटर पिन काढली, नट सैल केला, पण शेवटच्या काही आट्यांवर ठेवला आणि मग पंखा ओढून काढणारा पुलर लावला. पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावरून सुटतो तेव्हा जोरात उडतो. नट त्याला अडवतो.

खरी कसरत कपलिंगची. शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारा हा सांधा, बोल्टांनी समोरासमोर जोडलेल्या दोन चकत्यांचा, म्हणजे फ्लँजांचा. शाफ्टवरचं कपलिंग वर्षानुवर्षांच्या गंजानं जणू एकजीव झालेलं. इथे पुष्कळजण घण उचलतात. तो मार सरळ गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो, म्हणून मी कुणाला हातोडी लावू दिली नाही. दोन्ही फ्लँज सोडवून वेगळे केले, मध्ये शाफ्टच्या तोंडावर टेकेल असा, शाफ्टपेक्षा थोडा लहान सॉकेट ठेवला, आणि मूळ बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घातले. मग समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव आटा आवळत गेलो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारलं होतं. बराच वेळ काहीच हलेना. मग एकदम ‘टक्’ असा आवाज आला आणि कपलिंग सरकलं. त्या आवाजानं झालेला आनंद अजून आठवतो.

शाफ्ट मागे ओढायचा तर सुकाणू आडवं येत होतं. ते खाली उतरवायला जागा नव्हती, म्हणून खालच्या रेतीत खड्डा खणला. पक्क्या जमिनीवर लाँच असती तर तिलाच वर उचलावं लागलं असतं.

जुनं बेअरिंग अडकवणारे ग्रब स्क्रू आधी काढले. मग हॅकसॉच्या ब्लेडनं नळीला आतून लांबीत चीर पाडली, बेअरिंग धरणाऱ्या ब्रॅकेटला धक्का न लागेल एवढीच, आणि ती आत दुमडून काढली.

ते हातात आल्यावर मी आधी रबर पाहिलं. रेतीनं झिजलं असतं तर चारी बाजूंनी सारखं झिजलं असतं. इथे पुढच्या टोकाला खालची बाजू गेलेली आणि मागच्या टोकाला वरची. म्हणजे शाफ्ट तिरका फिरत होता. नुसतं नवं बेअरिंग घातलं असतं तर तेही असंच गेलं असतं.

शाफ्ट बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मामांच्या लेथवर नेला. मी म्हटलं, ‘मामा, सरळ दिसतोय.’ ते म्हणाले, ‘अरे, डोळ्याला कळत नाही. व्ही-ब्लॉकवर ठेव, डायल लाव.’ काटा जेमतेम हलला. शाफ्ट सरळच होता. मग दोष इंजिन ज्यावर बसतं त्या मागच्या रबरी मांडणीत सापडला. गळक्या डिझेलनं रबर फुगून मऊ पडलेलं आणि इंजिन मागच्या बाजूला खाली बसलेलं. गळती बंद करून ती रबरं बदलली.

नवं बेअरिंग साबणाच्या पाण्यानं ओलं करून सरकवलं. ग्रीस लावलं नाही. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमध्ये पॅकिंगची दोरी तिरकी कापून भरली. प्रत्येक कड्याचा सांधा वेगळ्या दिशेला ठेवायचा, नाहीतर पाणी सरळ रेषेत वाट काढतं.

शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणायची, म्हणजे रेखणीची, घाई मात्र केली नाही. जमिनीवर ठोकळ्यांवर बसलेल्या लाँचचा तळ थोडा वेगळा ताणलेला असतो, पाण्यात गेल्यावर तो बदलतो. म्हणून ती एक रात्र पाण्यात राहू दिली, मग कपलिंगचे फ्लँज जवळ आणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजायचा फिलर गेज घातला. १०० मिमीच्या फ्लँजला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. मांडणीचे नट थोडेथोडे फिरवत तो आणायला पूर्ण सकाळ गेली. त्यात मला कंटाळा आला नाही.

संगमापर्यंत नेऊन आणली. ज्या वेगावर लाँच हलायची, त्यावर मुद्दाम बराच वेळ ठेवली. आता ती शांत चालते. ग्लँडला हात लावून पाहिला, गार होता आणि मिनिटाला काही थेंब गळत होते. तेवढे गळायलाच हवेत. कपलिंगचे बोल्ट थोड्या फेऱ्यांनंतर पुन्हा आवळले, आणि डिझेलच्या पाइपाखाली आता एक पत्र्याची ताटली ठेवली आहे. ती रोज सकाळी बघतो.