टर्बो स्नोमोबाईलसाठी पेट्रोल मिसळताना

माझ्या टू-स्ट्रोक स्नोमोबाईलला (बर्फावर चालणाऱ्या गाडीला) टर्बो किट बसवलं तेव्हा ट्यूनरने बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेच्या जादा दाबाचा तक्ता दिला. ८ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्टला किमान ९७ ऑक्टेनचं पेट्रोल हवं, असं त्यात होतं. अमेरिकेत डोंगराळ भागातल्या पंपांवर प्रीमियम म्हणून बहुतेक ९१च मिळतं. म्हणजे रेस फ्युएल, शर्यतीसाठीचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, मिसळणं आलं.

आधी डब्यावरचा आकडा कोणता ते बघावं लागलं. तिथल्या पंपावर ऑक्टेनच्या रॉन आणि मॉन या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. रेस फ्युएलच्या नावात तोच आकडा असेल असं नाही. व्हीपी कंपनीच्या एमएस १०९ या रेस फ्युएलमधलं १०९ हे रॉन आहे. मॉन १०१, म्हणजे पंपाच्या मापाने ते १०५. त्यात शिसं नाही हे चांगलं, पण त्यातल्या घटकांमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे इंजिनाला इंधन जास्त द्यावं लागतं आणि मॅप, म्हणजे इंधन किती द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, बदलावा लागतो. तसाच चालवला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येऊ शकते. माझा मॅप साध्या पेट्रोलवर केलेला, म्हणून मी सुनोको स्टँडर्ड हे रेस फ्युएल घेतलं. ते शिसं असलेलं, ऑक्सिजन नसलेलं, आणि त्याचं ११० पंपाच्याच मापातलं. शिशाने वाईडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) हळूहळू निकामी होतो. तो मी ऑइलसारखा नेहमीच्या खर्चातच धरला.

हिशेब शाळेतला आहे. ९७ वजा ९१ म्हणजे ६, ११० वजा ९१ म्हणजे १९. सहाला एकोणीसने भागलं की साधारण ३२ टक्के. वीस लिटरच्या कॅनमध्ये साडेसहा लिटरच्या आसपास रेस फ्युएल लागतं. मी सात घालतो, त्याने सरासरी साडेसत्याण्णवच्या थोडी वर जाते. ऑक्टेन इतक्या सरळ रेषेत मिसळत नाही, हा आकडा अंदाजाचाच, त्यामुळे तेवढी सूट हवीच. त्याहून जास्त ओतून मात्र काही हाती लागत नाही. ऑक्टेन ताकद देत नाही, ते फक्त डेटोनेशन, म्हणजे इंधनाचा आपोआप होणारा स्फोट, थोपवतं. बूस्ट आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) तेच ठेवून निम्मं रेस फ्युएल घालणं म्हणजे पैसे जाळणं. हे ऐकवलेलं बऱ्याच जणांना आवडत नाही.

मिसळायचं ते कॅनमध्येच, टाकीत नाही. टाकीत आधीचं किती उरलंय ते काट्यावरून नीट कळत नाही, आणि प्रत्येक वेळी वेगळं मिश्रण तयार होतं. ट्यूनिंग एका इंधनावर झालेलं असतं. ते रोज बदललं तर पुढचं निदान करणंच अशक्य. पंपाचं पेट्रोलही मी इथेनॉलचं आणि बिनइथेनॉलचं आलटून पालटून घेत नाही, कारण इथेनॉलमध्येही ऑक्सिजन असतोच. कॅन भरताना जमिनीवर ठेवायचा, गाडीच्या डिकीत नाही, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. हातमोजे घालायचेच, कारण पेट्रोलमधलं शिसं कातडीतून आत जातं.

सगळ्यात उशिरा डोक्यात शिरलं ते उंचीचं गणित. बूस्टचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, तीन हजार मीटरवर जेमतेम १०. काट्यावरचे तेच ८ पीएसआय बाहेरचा दाब धरून डोंगरावर १८ होतात आणि खाली जवळपास २३. ट्यूनरचा ९७ हा आकडा डोंगरावरचा होता. खाली सपाटीवर चालवायचं तर बूस्ट उतरवायचं, नाहीतर मिश्रण चढवायचं. मी बूस्ट उतरवतो, स्वस्त पडतं.

गोठलेल्या सकाळी इंजिन सुरू होणं हाही एक मुद्दा आहे. हिवाळ्याचं पंपाचं पेट्रोल मुद्दाम लवकर वाफ होईल असं बनवतात. रेस फ्युएलचं तसं नसतं, नुसत्या त्याच्यावर कडाक्याच्या थंडीत इंजिन कुरकुरतं. दोन भाग पंपाचं असल्याने माझं मिश्रण बिनतक्रार पेट घेतं.

पहिल्या मोठ्या चढानंतर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद केलं आणि प्लग काढून भिंगाखाली पाहिले. पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक काळे किंवा चमकदार ठिपके दिसले तर डेटोनेशन झालंय असं समजायचं. चमकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. माझे स्वच्छ निघाले. शिशामुळे प्लगचा रंग नेहमीपेक्षा वेगळा दिसतो, म्हणून रंगाऐवजी ठिपक्यांवर विश्वास ठेवला.

आता त्या त्या फेरीपुरतंच मिसळतो. उरलेलं कारमध्ये ओतता येत नाही, शिसं धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. शिवाय अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ पासून बंद आहे. न मिसळलेलं रेस फ्युएल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवलं की पुढच्या फेरीला चालतं.